जुन्या जीपांची नोंदणी व शेतकरी

महिंद्र कंपनीनें १९४७ सालीं मुंबईस विलीज जीपा जुळविण्यास आरंभ केला. कसारा, शहापूर वा मुरबाडकडील ज्या शेतकरी बंधूच्या पडवींत अशी जुनी जीप उभी असेल, त्यानें पुढील मजकूर लक्षपूर्वक वाचावा.

केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें मोटार वाहन नियमांत नवीं कलमें घातलीं. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षें लोटलेलें, मूळ सांगाडा व यंत्र न बदललेलें खासगी दुचाकी वा चारचाकी वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदतां येतें. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षें. अर्जासोबत विम्याचा कागद व जुनें नोंदणीपुस्तक लागतें. (तें कोणत्या ट्रंकेंत आहे, हें आजच पाहावें!)

परंतु असें वाहन नित्याच्या कामास किंवा भाड्यानें चालवितां येत नाहीं. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती व तेल भरणें, एवढ्यापुरतेंच तें रस्त्यावर आणावयाचें. म्हणजे शहापूरच्या बाजारीं भाताचें पोतें नेणेंही बंद! शौकीन धनिकास हें परवडेल. ज्यांची जीप अद्याप राबते, त्यांनीं या मोहांत न पडतां साध्या नोंदणीचेंच दर पांच वर्षांनीं नूतनीकरण करावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. तृतीय पक्षाचा विमा मात्र दोहोंसही चुकत नाहीं.

आमची खरी तक्रार निराळीच आहे. या कलमांत शेतीच्या ट्रॅक्टरास स्थान नाहीं. मोटारीस वारसा म्हणून मान, आणि ज्यानें जमीन नांगरली तो ट्रॅक्टर भंगारवाल्याच्या काट्यावर! सरकारनें ट्रॅक्टरासही हा दर्जा द्यावा, व तोही शेतकऱ्यास झेपेल अशा शुल्कांत.