हातांची विद्या

तंजावर म्हटले की मराठी माणसाला व्यंकोजीराजे आठवतात, सरफोजीराजांनी वाढवलेले सरस्वती महाल ग्रंथालय आठवते आणि बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आठवतो. परंतु याच नगरात आणखी एक विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती ग्रंथांपेक्षा कारागिरांच्या हातांनी अधिक सांभाळली. ती म्हणजे वीणा घडवण्याची विद्या.

तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची असते. होडी कोरावी तसा ओंडका आतून पोखरून तिचा घट तयार करतात आणि त्याच्या तोंडावर लाकडी फळी बसवतात. काही वीणांचे घट, दांडी व टोकाचे व्याळमुख एकाच अखंड लाकडातून काढलेले असतात. दांडीवर मेणाच्या थरात २४ पडदे बसवतात. त्यांवरून चार मुख्य तारा जातात. तालासाठी बाजूला आणखी तीन असतात. घटाची भिंत जाड राहिली तर नाद दबतो. फार पातळ झाली तर लाकूड तडकण्याचे भय असते. कोठवर कोरावे आणि कोठे थांबावे, हे पटाशी धरणाऱ्या हाताला व कानालाच कळावे लागते.

ज्याला हे कळते, त्याच्यापाशी शाळेचा दाखला नाही म्हणून त्याला ‘अडाणी’ म्हणणे न्याय्य आहे काय? माझ्या मते मुळीच नाही. लाकडाचा गुण ओळखणे हे विज्ञान आहे. पडद्यांतील अंतर राखणे हे गणित आहे. पुस्तकातून आलेले ज्ञान तेवढे ज्ञान आणि हातातून आलेले ते केवळ कष्ट, हा भेद आपणच निर्माण केला आहे.

मात्र, म्हणून अक्षरांवाचून चालेल असेही नव्हे. २०१३ मध्ये तंजावर वीणेला भौगोलिक मानांकन मिळाले. १९९९ च्या कायद्यानुसार अशा नावाचा अधिकृत वापरकर्ता होण्यासाठी नोंदणी करावी लागते. त्यासाठी अर्ज करावा लागतो, त्याची मुदत ध्यानात ठेवावी लागते. ज्याला तो कागद वाचता येत नाही, त्याच्या कौशल्याचा लाभ दुसराच कोणी घेऊन जाण्याची शक्यता राहते. अर्थात, हाताने मिळवलेला मान टिकवण्यासाठी अक्षरांची सोबत हवी.

आपल्यापैकी कोणी सुतारकाम करत असेल, कोणी शिवणकाम, कोणी गवंडीकाम. अभ्यासाला बसताना ते कौशल्य कमीपणाचे मानून उंबऱ्याबाहेर ठेवू नका. ते आपले पहिले शिक्षण आहे. आता हाती घेतलेले पुस्तक हे दुसरे. वीणेचा नाद घुमण्यासाठी तारही लागते आणि पोकळ घटही लागतो. एकट्या तारेला तो साधत नाही आणि एकट्या घटालाही नाही.