आज्ञावलीचें बिऱ्हाड कोठें करावें?

हल्लीं शाळांतील कांहीं विद्यार्थी दोघे-चौघे मिळून संगणकासाठीं लहानसहान आज्ञावल्या लिहूं लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु लिहिलेलें काम ठेवावें कोठें, असा प्रश्न निघाला म्हणजे बहुतेक जण ‘सर्व जातात तेथें’ एवढेंच उत्तर देतात. आम्हांस हें उत्तर अपुरें वाटतें.

गिट हें साधन लिनस टोरवाल्ड्स यांनीं सन २००५ मध्यें निर्माण केलें. त्याचा विशेष असा कीं, काम करणाऱ्या प्रत्येकाजवळ आज्ञावलीची, वेळोवेळीं केलेल्या फेरफारांसह, संपूर्ण प्रत राहते. गिटहब, गिटलॅब, कोडबर्ग इत्यादि स्थळें म्हणजे या प्रतींच्या मेळाव्याचीं ठिकाणें होत. मात्र आज्ञावलींतील दोषांच्या नोंदी व त्यांवरील चर्चा सामान्यतः त्या स्थळाच्याच वखारींत राहतात; त्या घरीं आपोआप येत नाहींत. बिऱ्हाड हालवितांना भांडीं यावींत आणि दप्तर मागें राहावें, त्यांतलाच हा प्रकार.

मोठें नांव पाहून निश्चिंत राहणें योग्य नव्हे. गूगल कोड सन २००६ मध्यें सुरू झालें आणि २०१६ च्या जानेवारींत बंद झालें. गिटोरियस २०१५ मध्यें मिटलें. बिटबकेटनें २०२० मध्यें मर्क्युरियल पद्धतीच्या संग्रहांस थारा देणें थांबविलें. यांत कोणाचा अपराध काढण्याचा आमचा हेतु नाहीं. परक्या जागेचे नियम जागेचा धनी ठरवितो, एवढेंच ध्यानीं घ्यावें.

कोणी म्हणतील, एवढ्याशा कामास इतका विचार कशाला? आमचें मत उलट आहे. मोठ्या कामामागें जाणतीं माणसें असतात. लहान कामाचा वाली बहुधा लिहिणारा एकटाच. अनोळखी लोकांचें साहाय्य हवें असल्यास गिटहबवर जावें, कारण वर्दळ तेथें अधिक. काम सर्वांसाठीं मुक्त ठेवावयाचें असून वर्दळीची गरज नसल्यास, बर्लिन येथील सभासदांच्या संस्थेनें नफ्यावांचून चालविलेलें कोडबर्ग आम्हांस अधिक रुचतें. गिटलॅबची मुक्त आवृत्ति स्वतःच्या यंत्रावरही बसवितां येते. पण तें यंत्र अहोरात्र सांभाळणें लहान मंडळीस झेपणारें नव्हे.

स्थळ कोणतेंही असो, दर आठवड्यास आज्ञावलीची प्रत व नोंदींची नक्कल घरीं ठेवावी, आणि परवलीचा शब्द आज्ञावलींत कधींही लिहूं नये. पालकांनीं मुलांस एवढेंच विचारावें: ‘हें स्थळ उद्यां बंद झालें, तर तुमच्याजवळ काय उरेल?’ या प्रश्नाचें उत्तर ज्यांस देतां येतें, त्यांनीं आपलें बिऱ्हाड खुशाल कोठेंही करावें.