महासंगणक राजधानीत, महाविद्यालये वेशीबाहेर

डिसेंबर २०२५ मध्ये 'विकसित भारत शिक्षा अधिष्ठान' विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि लगेच संयुक्त समितीकडे सोपविण्यात आले. विद्यापीठ अनुदान आयोगासह तीन संस्थांची जागा घेणाऱ्या या विधेयकावर वाद रंगला तो राज्यांच्या अधिकारांचा आणि त्याच्या हिंदी नावाचा. त्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला. आयोगाच्या नावातच असलेले 'अनुदान' पुढे कोणाच्या हाती जाणार? विधेयकात नियमन, अधिस्वीकृती आणि दर्जा यांसाठी तीन परिषदा आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सुचविलेली स्वतंत्र अनुदान परिषद मात्र त्यात नाही. निधिवाटप मंत्रालयाकडे राहणार, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

याची झळ केंद्रीय विद्यापीठांना किंवा आयआयटींना फारशी बसणार नाही. ती बसेल तालुक्याच्या गावातील महाविद्यालयांना. २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात ४५,४७३ महाविद्यालये आहेत. पंचवार्षिक योजनांच्या काळात आयोगाच्या कायद्यातील कलम २(फ) आणि १२(ब) खाली आलेल्या महाविद्यालयांना विकास अनुदान मिळे आणि तेथील अध्यापकांना लघु संशोधन प्रकल्प मिळत. रक्कम काही लाखांचीच असे. परंतु एक संगणक, एखादे सांख्यिकी सॉफ्टवेअर, थोडी पुस्तके यांची सोय होई. अर्ज पुण्यासारख्या विभागीय कार्यालयात जाई, दिल्लीच्या खेटा पडत नसत. बारावी योजना २०१७ मध्ये संपली आणि हा ओघ आटला.

त्यानंतर पैसा आला नाही असे नव्हे. तो मोठ्या आकड्यांत आला. २०१५ मध्ये मंजूर झालेले राष्ट्रीय महासंगणन अभियान ४,५०० कोटींचे होते. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली व कोलकाता येथील तीन 'परम रुद्र' महासंगणकांचे लोकार्पण झाले. मार्च २०२४ मध्ये 'इंडिया एआय' अभियानास १०,३७२ कोटी मंजूर झाले. २०२३ च्या कायद्याने उभारलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानसाठी पाच वर्षांत ५०,००० कोटींचे उद्दिष्ट ठरले. त्यांतील सरकारचा वाटा १४,००० कोटींचा, बाकी रक्कम प्रामुख्याने उद्योग व देणगीदारांकडून अपेक्षित. देणगीदार आपले नाव कोठे कोरू इच्छितो, हे सांगायला अर्थतज्ज्ञाची गरज नाही.

राज्यांमार्फत जाणाऱ्या पीएम-उषा योजनेत २०२३-२४ ते २०२५-२६ साठी १२,९२६ कोटींची तरतूद होती. तिचा एक घटक महाविद्यालयांसाठीही होता. परंतु ही योजना सरकारी व अनुदानित संस्थांपुरती होती, तर सुमारे दोन तृतीयांश महाविद्यालये खासगी विनाअनुदानित आहेत. शिवाय तिचा पैसा संस्थेला मिळतो. पर्जन्यमानाची आकडेवारी तपासू पाहणाऱ्या भूगोलाच्या एकट्या अध्यापकाला त्यातून वाट सापडणे अवघड.

मध्यवर्ती यंत्रणेच्या समर्थकांचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. प्रत्येक महाविद्यालयाला यंत्रे वाटली, की त्यांतली बरीच कुलूपबंद कपाटात जुनी होतात; त्यापेक्षा सामायिक संगणनशक्ती भाड्याने द्यावी, असे ते म्हणतात. 'इंडिया एआय' अभियानात ग्राफिक प्रोसेसर तासाला सुमारे ६५ रुपये या सवलतीच्या दराने देऊ केले गेले. पाचशे तासांचे होतात ३२,५०० रुपये. रक्कम किरकोळ आहे. पण ती भरायची कोणत्या शीर्षाखाली? लहान महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात असे शीर्षच नसते. भांडवली मत्तेसाठी आलेल्या अनुदानातून दरवर्षीचे परवानाशुल्क किंवा संगणनाचे भाडे भरता येत नाही. यंत्राला पैसा आहे, वापराला नाही, ही खरी अडचण आहे.

त्यात करांची भर. शासकीय संशोधन संस्थांना संगणक व सॉफ्टवेअरवर मिळणारी पाच टक्के वस्तू व सेवा कराची सवलत जुलै २०२२ मध्ये रद्द झाली आणि दर अठरा टक्क्यांवर गेला. चार लाखांच्या खरेदीवर ५२,००० रुपये जास्त. कोट्यवधींच्या प्रयोगशाळेला ते जाणवतील; लघु अनुदानाचा मात्र कणाच त्याने मोडतो.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे, कारण चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम कागदावरून वर्गात आला. दिल्ली विद्यापीठात चौथे वर्ष ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यांना संशोधनासह ऑनर्सची संधी आहे. परंतु ती ज्या विभागाला द्यायची, त्याच्याकडे पुरेसे मार्गदर्शक, प्रयोगशाळा व संगणकाची सोय हवी. ती नसलेल्या महाविद्यालयातील हुशार विद्यार्थ्याने गुण मिळवूनही संशोधन करायचे, तर घर सोडून शहर गाठायचे. गुणवत्तेची अट अशा रीतीने पत्त्याची अट बनते.

उपाय फार खर्चिक नाही. पाच हजार महाविद्यालयांना प्रत्येकी पाच लाख दिले, तर २५० कोटी होतात. महासंगणन अभियानाच्या मूळ खर्चाचा हा अठरावा हिस्सा. अट एवढीच, की रक्कम अध्यापकाच्या प्रकल्पाला मिळावी, तिच्यातून भाडे व परवानाशुल्क भरण्याची मुभा असावी आणि निर्णय विभागीय पातळीवर व्हावा. संयुक्त समितीपुढील विधेयकात अनुदानाचे उत्तरदायित्व निश्चित झाले नाही, तर हा हिशेब कोणी मागणार नाही. नियामक बदलतील, परिषदांची नावे बदलतील. चौथ्या वर्षाचा विद्यार्थी मात्र दरवर्षी नवा येणार आहे.