कौशल्य आहे, गाळा कुठे आहे?

गेल्या महिन्यात पंचवटीतल्या एका विहारात रविवारची वंदना झाल्यावर तरुणांसाठी उद्योजकता मार्गदर्शन ठेवले होते. वक्त्यांनी क्विक हील या पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीची गोष्ट सांगितली. दहावीपर्यंत शिकलेला मुलगा, कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचा आणि आज त्याची कंपनी शेअर बाजारात आहे! "तो करू शकतो, तर तुम्ही का नाही? रडगाणे सोडा, जिद्द धरा," असे म्हणून त्यांनी समारोप केला. टाळ्या पडल्या. मोबाईल दुरुस्ती करणारा आमचा एक कार्यकर्ता मात्र हाताची घडी घालून बसला होता. बाहेर आल्यावर त्याने आम्हाला एवढेच विचारले, "त्याला गाळा कोणी दिला?"

या प्रश्नामागे तीन महिन्यांची पायपीट आहे. गाळा बघायचा, भाडे ठरायचे, अनामत रक्कम ठरायची. करारासाठी आधार कार्ड दाखवले, आडनाव कळले की दुसऱ्या दिवशी फोन यायचा, "गाळा भावाला द्यायचा ठरलाय." अशा तीन मालकांचे तीन भाऊ निघाले! आज तो दुसऱ्याच्या दुकानात पगारावर बसतो. हात त्याचा, पाटी दुसऱ्याची.

म्हणून आम्ही क्विक हीलची गोष्ट पुन्हा नीट वाचली. कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या लालगुणचे. वडील पुण्यात फिलिप्स कंपनीत कामाला होते. दहावीनंतर शिक्षण सुटले आणि कैलास महिना ४०० रुपयांवर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या नोकरीत लागले. १९९० मध्ये १५,००० रुपये घालून त्यांनी भाड्याच्या छोट्या जागेत स्वतःचे दुरुस्तीचे काम सुरू केले. १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही फर्म उभी राहिली. धाकटे भाऊ संजय यांना त्यांनी कॉम्प्युटरच्या शिक्षणाकडे वळवले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडू लागले, तेव्हा संजय यांनी ते साफ करणारे प्रोग्राम लिहिले. त्यातूनच १९९५ मध्ये क्विक हील बाजारात आले, किंमत ७०० रुपये. परदेशी सॉफ्टवेअर न परवडणाऱ्या छोट्या धंदेवाल्याला ते परवडले. मधली काही वर्षे तंगीची गेली. पुण्याबाहेर शाखा काढताना सुरुवातीलाच नाशिकचा नंबर लागला. २००७ मध्ये कंपनीचे नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले, २०१० मध्ये सिकोया कॅपिटलने ६० कोटी रुपये गुंतवले आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली.

काटकर बंधूंच्या कष्टाबद्दल आम्हाला आदरच आहे. आमचा आक्षेप आहे तो या गोष्टीतून फक्त 'जिद्द' काढून आमच्या पोरांच्या गळ्यात मारणाऱ्यांवर. या कंपनीच्या मुळाशी जिद्दीखेरीज आणखी चार गोष्टी आहेत. एक, भाड्याने मिळालेली जागा. दोन, आपले मशीन विश्वासाने उघडू देणारा गिऱ्हाईक. तीन, तंगीच्या वर्षांत धंदा बंद न पडता तग धरण्याची मुभा. चार, एक भाऊ कमावतो तोवर दुसऱ्याला शिकता येईल असे घर. व्हायरस काढणारा प्रोग्राम आकाशातून पडला नाही, तो दुरुस्तीच्या टेबलावर जन्मला. ज्याला टेबल मांडायलाच जागा नाही, त्याचा प्रोग्राम कुठे जन्मणार? समाजशास्त्राच्या वर्गात याला सामाजिक भांडवल म्हणतात. वस्तीत याला साध्या भाषेत 'ओळख' म्हणतात. आणि आपल्या देशात ओळख जातीबाहेर फारशी जात नाही.

कोणी म्हणेल, गुणवत्ता असेल तर गिऱ्हाईक जात विचारत नाही. त्यांनी बाबासाहेबांचे चरित्र वाचावे. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून मुंबईत परतलेल्या बाबासाहेबांनी शेअर्सबद्दल सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले आणि व्यवसाय बंद पडला. त्यांच्या ज्ञानात खोट होती का? जिद्दीत कमतरता होती का?

दुसरा आक्षेप आमच्याच काही साथींचा आहे. ते विचारतात, आपण चळवळीतली माणसे, दुकानदारीच्या नादी कशाला लागायचे? बाबासाहेबांनी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते ना? होय, सांगितले होते, आणि आपल्याच जिल्ह्यात सांगितले होते. पण ते भाषण तिथेच संपत नाही. रेल्वेत अस्पृश्य कामगाराला गँगमनच्या वर जाऊ देत नाहीत आणि कापड गिरण्यांत विणकाम खात्याचे दार त्याला बंद आहे, हेही त्यांनी त्याच परिषदेत मांडले. म्हणजे ज्या कामात जास्त पैसा, जास्त कसब, तिथे जात आडवी येते, हे त्यांचे म्हणणे होते. आज मोबाईलचा बोर्ड दुरुस्त करणाऱ्या, छोट्या दुकानांसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आमच्या पोराला गाळा नाकारला जातो, ते विणकाम खात्याचेच नवे रूप आहे. हक्क मागणे म्हणजे भांडवलदार होणे नव्हे.

कायदे नाहीत असे नाही. जातीवरून धंदा करण्यास आडकाठी करणे हा २०१५ च्या दुरुस्तीनंतर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. पण "भावाला द्यायचाय" हे वाक्य कोर्टात कसे सिद्ध करायचे? योजनाही आहेत. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून ४ टक्के खरेदीचे उद्दिष्ट आहे. मात्र यांतला कोणताही कागद पुढे सरकवायचा तर आधी धंद्याचा पत्ता लागतो. गाडी पुन्हा गाळ्यापाशीच अडते.

मग करायचे काय? सरकारशी आणि समाजाशी भांडण चालूच राहील, पण काही गोष्टी आपल्या हातातही आहेत. अनेक विहारांची रस्त्याकडची खोली आठवड्यातले सहा दिवस कुलूपबंद असते. ती योग्य भाडे घेऊन, लेखी करार करून होतकरू पोरांना द्यावी. आपल्या कर्मचारी संघटना, पतसंस्था, शाळा आणि क्लासेस यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायला कोण येतो, हे एकदा तपासावे. पहिला गिऱ्हाईक आपणच व्हायला हवे. तेही "आपलाच पोरगा आहे, फुकट करील" या हिशेबाने नको, बाजारभावाने आणि वेळेवर पैसे देऊन. जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा खर्च बाजूला काढून तंगीच्या काळासाठी फिरता निधी उभारावा. त्याचा हिशेब दर महिन्याला फळ्यावर लागला पाहिजे, नाहीतर तोही दोन वर्षांत बुडेल. आपल्या मंडळांचा अनुभव आपल्याला ठाऊक आहे.

याच पंचवटीत २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांच्या पिढीने तो १९३५ पर्यंत चालवला. त्या लोकांनी लाठ्या-दगड खाल्ले ते केवळ मूर्तीच्या दर्शनासाठी नव्हे. सार्वजनिक जागेवर माणूस म्हणून आपलाही हक्क आहे, एवढेच त्यांचे सांगणे होते. बाजारपेठ ही आजची सार्वजनिक जागा आहे. तिथे गिऱ्हाईक म्हणून आम्हाला कोणी अडवत नाही, उलट पायघड्या घालतात. मालक म्हणून शटर उघडायला गेलो की भाऊ आठवतात.

येत्या रविवारी वंदनेनंतर आमच्या विहाराच्या रस्त्याकडच्या खोलीचा विषय आम्ही बैठकीत मांडणार आहोत. "विहारात धंदा नको" म्हणणारेही आमचेच आहेत. त्यांनी जरूर यावे आणि समोर बोलावे. फक्त येताना एका प्रश्नाचे उत्तर आणावे. खोली द्यायची नसेल, तर त्या पोराने टेबल कुठे मांडायचे?

जय भीम!