न्यूट्रलमध्ये नुसता आवाज!

रविवारची संध्याकाळ, ताम्हिणी घाट. गाडीत आम्ही पाच जण, डिकीत आंब्याच्या दोन पेट्या आणि एसी फुल्ल. माणगावहून पुण्याकडे चढताना पुढे एक लोडेड ट्रक रांगत होता. मी चौथ्या गिअरमध्ये, टॅकोमीटरचा काटा चौदाशेच्या आसपास. समोर रस्ता मोकळा दिसला. इंडिकेटर दिला, गाडी बाहेर काढली आणि अ‍ॅक्सिलरेटर पार खाली दाबला.

काहीच नाही! एक सेकंद गेला, दोन सेकंद गेले, मी ट्रकच्या मागच्या चाकापाशीच. तेवढ्यात वळणावरून एसटीचा लाल डबा समोर. ब्रेक मारून कसाबसा पुन्हा ट्रकच्या मागे घुसलो. मागून आई एवढंच म्हणाली, "हळू रे बाबा." शेजारी बसलेली बायको मात्र पुण्यापर्यंत एक अक्षर बोलली नाही. ते जास्त भीतीदायक होतं.

"टर्बो पेट्रोल आहे यार, उडते गाडी!" असं ऑफिसभर सांगत फिरणारा मी, सोमवारी सकाळी सर्व्हिस सेंटरला हजर. तिथल्या मुलाने स्कॅनर लावला, उभ्या गाडीतच रेस दिली. काटा तीन हजारावर गेला, तरी बूस्टचा पत्ता नाही. "सर, टर्बो गेलाय. बदलावा लागेल." एस्टिमेट बघून माझाच बूस्ट उतरला.

सेकंड ओपिनियनसाठी आमच्या जुन्या गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. ते हसलेच. "साहेब, उभ्या गाडीत कुठे टर्बो चेक करतात? चला, कात्रजला जाऊ."

आता थोडी थिअरी, पण घाबरू नका. टर्बो म्हणजे एका दांड्यावरचे दोन छोटे पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एका पंख्याला फिरवतो, दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल जाळता येतं आणि ताकद वाढते. धुरातली फुकट जाणारी ऊर्जा वापरायची ही आयडिया आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची. तिचं पेटंट त्याने १९०५ साली घेतलं!

आता न्यूट्रलचं बघा. इंजिनला स्वतःला फिरवण्यापलीकडे काही कामच नाही. त्यामुळे तीन हजार आरपीएमलाही थ्रॉटल जेमतेम उघडतो, हवा थोडी, पेट्रोल थोडं, म्हणून धूरही थोडा. पंखा वेग घेणार कशाच्या जिवावर? आवाज मोठा, काम शून्य. (असे सहकारी तुमच्याही ऑफिसात असतील.)

जुन्या कात्रज घाटात काकांनी गाडी तिसऱ्या गिअरला, अडीच हजारावर ठेवली आणि पाय दाबला. स्कॅनर माझ्या हातात होता. उभ्या गाडीत इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब ३५ किलोपास्कल दाखवत होता, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षाही कितीतरी कमी. चढावर तोच आकडा बघता बघता १७० वर गेला! रेस गॅरेजमधल्यापेक्षाही कमी, पण आता इंजिनवर लोड होता. टर्बो ठणठणीत होता, बिचाऱ्याला कुणी कामच दिलं नव्हतं.

"मग काका, ताम्हिणीत काय झालं? तिथे तर लोडच लोड होता!"

"लोड होता, रेस कुठे होती?"

खरी मेख इथेच आहे. चौदाशे आरपीएमला इंजिन मिनिटाला फारच कमी घास घेतं. पाय कितीही दाबा, धुराचा प्रवाह मुळात बारीक. पंखा वेग घेईपर्यंत जे क्षण जातात, तोच टर्बो लॅग. उभ्या गाडीत रेस होती, लोड नव्हता. घाटात लोड होता, रेस नव्हती. बूस्टला दोन्ही लागतात. बहुतेक छोट्या टर्बो पेट्रोल गाड्या १८०० ते २००० आरपीएमच्या पुढेच खऱ्या जाग्या होतात.

म्हणून घाटात ओव्हरटेक करायचा असेल तर गिअर आधी उतरवा. तिसरा, चढ जास्त असेल तर सरळ दुसरा. ट्रकच्या मागे असतानाच काटा दोन हजारापुढे आणा आणि मगच बाहेर पडा. वरच्या गिअरमध्ये पाय दाबून इंजिनला गुदमरवू नका, त्याने नॉकिंग होऊन इंजिनची वाट लागू शकते. उलट एक्सप्रेसवेवर सपाटीला एका वेगात जाताना बूस्ट कमी दिसला तर टेन्शन नको, तिथे कामच कमी असतं. आणि घाट चढून चहाला थांबलात की लगेच चावी फिरवू नका. एखादा मिनिट इंजिन चालू ठेवा, तापलेल्या टर्बोला थंड व्हायला वेळ मिळतो.

माझे टर्बोचे पैसे वाचले. इज्जत मात्र गेली ती गेलीच. आता घाटात मी इंडिकेटर दिला की शेजारून प्रश्न येतो, "गिअर टाकलास का?"