थोरल्या लेकरांचे ओझे

‘थोरले लेकरू म्हणजे घराचा आधार’ असे आपण कौतुकाने म्हणतो. त्या आधाराला कोण सांभाळते, हे मात्र क्वचितच विचारतो.

मी भावंडांत सर्वांत धाकटा. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईवडील ऊसतोडीला गेले की स्वयंपाक, पाणी आणि आमचा सांभाळ ताईकडे येई. ते परतल्यावर फिटलेल्या-उरलेल्या उचलीची बोलणी रात्री चालत. आम्ही झोपी जात असू. ती जागी असे. सातवीनंतर तिची शाळा सुटली आणि त्याच वर्षी मी या वसतिगृहात दाखल झालो. प्रवेशाच्या वेळी माझे गुण पाहिले गेले. मोठी बहीण शाळेत जाते का, हे कोणी विचारले नाही.

ताई स्वभावानेच गंभीर, असे सारे म्हणत. जन्मक्रमाचा व्यक्तिमत्त्वावर ठसा उमटतो, हा विचार मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अॅडलर यांनी मांडला होता. परंतु अमेरिका, ब्रिटन व जर्मनीतील २०,००० हून अधिक व्यक्तींच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वभावावर जन्मक्रमाचा परिणाम जवळजवळ आढळला नाही. म्हणून मला वाटते, ताईचे गांभीर्य जन्मक्रमाने आलेले नव्हते. तिच्या वाट्याला आलेल्या काम व काळजीतून ते आले. आणि काम व काळजी वाटून घेता येते.

बाबासाहेब हे रामजी व भीमाबाई यांचे चौदावे अपत्य. घरची ओढाताण वाढली तेव्हा थोरले बंधू आनंदराव यांनी शिक्षण सोडून नोकरी धरली आणि भीमरावांचे शिक्षण पुढे चालले. हे ऋण आपण कृतज्ञतेने स्मरावे. पण तोच त्याग प्रत्येक पिढीतील थोरल्याकडून मागणे हे काही बाबासाहेबांचे अनुकरण नव्हे. सिगालोवाद सुत्तात मातापित्यांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. अपत्याला विद्या-कौशल्य शिकविणे हे त्यांपैकी एक. तेथे थोरले-धाकटे असा भेद नाही.

पालकांना विनंती आहे : कर्जाची व भांडणाची बोलणी लेकरांच्या कानांआड ठेवावीत, घरकाम मुलगा-मुलगी न पाहता सर्वांना वाटून द्यावे. शाळेने प्रवेश देताना थोरल्या भावंडाच्या शिक्षणाचीही विचारपूस करावी. आणि माजी विद्यार्थ्यांनो, आपल्यापैकी अनेकांच्या शिक्षणामागे घरात कुणाची तरी सुटलेली शाळा आहे. उशीर झाला असला तरी तिला किंवा त्याला एकदा विचारावे, ‘तुला काय शिकायचे होते?’