‘आफ्रिकन टीक’ नको, बिलावर ‘इरोको’ लिहा

‘आफ्रिकन टीक’ नावाने खपणारं इरोको हे सागवान नाहीच. घाना, आयव्हरी कोस्टकडचं हे झाड आपल्या फणसाच्या कुळातलं. म्हणून ते हलकं ठरत नाही. ऊन-पावसात टिकतं, त्यामुळे दारं, खिडक्या, बोटींसाठी उत्तम. पण सुरुवातीचा पिवळट रंग उजेडात तपकिरी होतो. रेषा उलटसुलट, रंधा मारताना तंतू उचकटतात. आत कधी चुन्याचे खडे निघतात, करवतीची धार जाते. भुशाने खाज सुटते, कारागिराला मास्क द्या. हे सगळं ऑर्डर घेण्याआधीच सांगा. नावावरून सागवान समजून दार नेलेल्या गिऱ्हाइकाला नंतर खरं कळलं, तर चांगल्या लाकडालाही तो फसवणूकच म्हणणार. सौदा तुटला तरी चालेल, भरवसा तुटायला नको.